घरपट्टी भरूनही बंब उशिरा का?

प्रश्न : माझ्या मुलीने तीन वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियातील ब्रेंटवूड येथे घर घेतले. यंदा तिच्याकडे गेले असताना घरपट्टीचे बिल पाहून मी थक्क झाले, कारण शेजारच्या तेवढ्याच घराची घरपट्टी तिच्या निम्मीच आहे. शेजारचे गृहस्थ सांगत होते की काही वर्षांपूर्वी तेथील अग्निशमन केंद्रे एकामागून एक बंद पडली, तरीही लोकांनी जादा कर नाकारला. एवढा पैसा भरून केंद्रे बंद पडतात कशी? पुण्यात आमच्या बिलात अग्निशमन कराची स्वतंत्र ओळ असते, तिकडे ती कुठेच दिसली नाही. (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : आपण एका पत्रात दोन प्रश्न विचारले आहेत, आणि दोन्हींचे मूळ १९७८ सालात आहे. त्या वर्षी जूनमध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रपोझिशन १३’ हा थेट मतदानाला आलेला प्रस्ताव मंजूर करून घरपट्टीचा मूळ दर मूल्याच्या एक टक्क्यावर गोठवला, आणि ते मूल्य घर विकले जाईपर्यंत वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढवायचे नाही, असेही ठरवले. शेजाऱ्यांनी १९९८ साली अडीच लाख डॉलरला घर घेतले असे धरले, तर पंचवीस वर्षांनी कागदावर त्याचे मूल्य फार तर चार लाख दहा हजारांच्या घरात जाते; आपल्या मुलीने तसेच घर आठ लाखांना घेतले असेल, तर तिची आकारणी आठ लाखांपासूनच सुरू होते. घरे सारखी असली तरी खरेदीची साले वेगळी आहेत.

बंबांचा प्रश्न मात्र जरा गुंतागुंतीचा आहे. तेथे बऱ्याच भागांत अग्निशमन हे नगरपालिकेचे खाते नसून ‘फायर प्रोटेक्शन डिस्ट्रिक्ट’ नावाच्या वेगळ्या स्थानिक संस्थेचे काम असते. जिल्हा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कलेक्टर कचेरी उभी राहते, पण हा जिल्हा तसा नव्हे. त्याला स्वतःचे संचालक मंडळ, स्वतःची हद्द आणि स्वतःचे अंदाजपत्रक असते, आणि आग विझवणे व अपघाताच्या वेळी धावून जाणे एवढेच त्याचे काम. एक टक्क्याच्या घरपट्टीतून शाळा, काउंटी (आपल्या महसुली जिल्ह्यासारखा विभाग), शहर आणि अशा डिस्ट्रिक्टना वाटे मिळतात. म्हणूनच मुलीच्या बिलात अग्निशमनाची ओळ दिसली नाही. ती रक्कम त्या एक टक्क्याच्या पोटात आहे.

खरी गोम या वाट्यांत आहे. १९७८ पूर्वी ज्या संस्थेचा जेवढा वाटा होता, त्याच्याच आधाराने १९७९ च्या कायद्याने पुढचे वाटप बांधून दिले. त्या काळी ब्रेंटवूडचा परिसर शेतमळ्यांचा होता. १९८० साली गावाची वस्ती साडेचार हजारही नव्हती, आणि बंबावर शेतकरी-दुकानदार स्वयंसेवक म्हणून जात, त्यामुळे खर्च थोडा आणि वाटाही थोडा. २०२० च्या जनगणनेत त्याच ब्रेंटवूडची लोकसंख्या ६४ हजारांवर गेली, स्वयंसेवकांच्या जागी पगारी जवान आले, वाटा मात्र होता तेवढाच राहिला. २००२ साली तीन लहान डिस्ट्रिक्ट एकत्र करून ‘ईस्ट कॉन्ट्रा कोस्टा’ डिस्ट्रिक्ट उभे केले गेले (कॉन्ट्रा कोस्टा ही ब्रेंटवूडची काउंटी). त्याच्या पदरी घरपट्टीतले सरासरी सात टक्के पडत, तर शेजारच्या जुन्या शहरी डिस्ट्रिक्टला जवळपास दुप्पट. म्हणजे आठ हजार डॉलर भरणाऱ्या घरातून बंबासाठी साडेपाचशेच्या आसपास जात होते. आठ केंद्रांची तीन झाली, आणि सुमारे अडीचशे चौरस मैलांचा मुलूख त्या तिघांवर सोपवला गेला.

तीन केंद्रे म्हणजे काय, हे बंबापाशी उभे राहिल्यावर कळते. तिकडच्या सुरक्षा नियमानुसार जळत्या घरात दोन जवान शिरणार असतील, तर बाहेर आणखी दोघे सज्ज हवेत. आत माणूस अडकला असेल तरच सूट मिळते. बंबावर तिघेच असले, तर पहिला बंब दारात येऊनही दुसरा येईपर्यंत जवानांना बाहेरूनच पाणी मारत राहावे लागते. शिवाय केंद्रापासून रस्त्याने पाच मैलांपलीकडच्या घराला विमा कंपन्या सर्वांत वाईट श्रेणीत धरतात, त्यामुळे कराचे वाचलेले पैसे कधी कधी हप्त्यात जातात.

तरीही २०१२ साली जादा कर नाकारला गेला, आणि २०१५ साली घरमालकांवर बसवायची आकारणीही फेटाळली गेली. मला यात निव्वळ कंजूषपणा दिसत नाही. ‘आम्ही भरतो तेवढे पुरे, वाटप सुधारा’ हे लोकांचे म्हणणे खरे होते. फक्त वाटप सुधारायचे म्हणजे शाळा किंवा काउंटीचा घास काढायचा, आणि ते करायला कोणी धजावले नाही. अखेर जुलै २०२२ मध्ये हे डिस्ट्रिक्ट मोठ्या कॉन्ट्रा कोस्टा काउंटी डिस्ट्रिक्टमध्ये विलीन झाले. त्याला हातभार लावला तो २०२० साली मंजूर झालेल्या अर्धा टक्का विक्रीकराने, घरपट्टीने नव्हे.

आपल्याकडे महापालिका हद्दीत अग्निशमन कर करयोग्य मूल्याच्या टक्केवारीने लागतो, त्यामुळे घरे वाढली की तो वाढतो. हद्दीबाहेर झपाट्याने उभ्या राहणाऱ्या इमारतींपाशी मात्र आपलीही गाडी अडते, आणि म्हणूनच पीएमआरडीएला (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला) स्वतंत्र दल उभारावे लागले.

प्रश्न : मी एच-वन-बी व्हिसावर सॅन रामोन येथे राहतो. घर माझ्या नावावर आहे, कर मी भरतो, पण मत देता येत नाही. अशा करांबाबत मी फक्त बघत राहायचे का? (एक वाचक, कॅलिफोर्निया)

उत्तर : सर्वस्वी नाही. डिस्ट्रिक्ट विशेष कर मतदानाला लावते तेव्हा दोनतृतीयांश कौल लागतो आणि तो केवळ नोंदणीकृत मतदारांचा, म्हणजे नागरिकांचाच घेतला जातो. पण १९९६ च्या ‘प्रपोझिशन २१८’ नुसार लाभावर आधारित आकारणी (सेवेचा फायदा ज्या मालमत्तेला होतो तिच्यावर बसणारी रक्कम) लावायची असेल, तर मतपत्रिका मालकाच्या नावाने येते आणि नागरिकत्व विचारले जात नाही. ज्याच्यावर जेवढी रक्कम बसणार, तेवढे त्याच्या मताचे वजन. वर सांगितलेली २०१५ ची आकारणी याच प्रकारची होती. मंडळाच्या सभेतही कोणालाही बोलता येते. ही मतपत्रिका सुनावणीच्या किमान ४५ दिवस आधी टपालाने येते आणि परत आलेल्या पत्रिकाच मोजल्या जातात, म्हणून डिस्ट्रिक्टच्या नावाचे पाकीट जाहिरातीचे समजून न उघडता कचऱ्यात टाकू नका.