नवी दिल्ली स्थानकातून विमानतळाकडे

प्रश्न : आम्ही पती-पत्नी, दोघेही सत्तरीचे, मुंबई सेंट्रलहून राजधानीने सकाळी नवी दिल्लीला उतरणार असून त्याच रात्री टर्मिनल ३ वरून आमचे परदेशी विमान आहे. विमानाचे सामान मेट्रो स्थानकातच देता येते, हे खरे का? ही मेट्रो मध्यंतरी बंद पडली होती, असेही ऐकले.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : खरे आहे. एअरपोर्ट एक्स्प्रेस मार्गिकेवरील नवी दिल्ली आणि शिवाजी स्टेडियम या दोन स्थानकांत काही विमान कंपन्यांचे चेक-इन काउंटर असून तेथे मोठ्या बॅगा देऊन बोर्डिंग पास घेता येतो आणि बॅगा परस्पर विमानतळावर जातात. (दुसऱ्या स्थानकाचे नाव कॅनॉट प्लेसजवळच्या हॉकी मैदानावरून आले आहे, तरी मराठी प्रवाशाला ते वाचून बरे वाटतेच.) मात्र ही सोय सर्व कंपन्यांची नाही आणि सकाळी उतरल्याबरोबर रात्रीच्या विमानाचे सामान घेतीलच असेही नाही, म्हणून काउंटर किती वाजता उघडतो हे आपल्या कंपनीला निघण्यापूर्वीच विचारावे आणि मधला वेळ काढायचा असल्यास बॅगा रेल्वे स्थानकाच्या क्लोकरूममध्ये ठेवाव्यात. औषधे, पासपोर्ट आणि पॉवर बँक हातातल्या पिशवीतच असू द्यावी.

बंद पडल्याची गोष्टही खरी, पण जुनी आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये सुरू झालेली ही मार्गिका, उन्नत भागातील गर्डरखालच्या बेअरिंगमध्ये दोष आढळल्याने, जुलै २०१२ मध्ये थांबवावी लागली. जानेवारी २०१३ मध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हा गाड्यांना ताशी ५० किलोमीटरचीच परवानगी होती. त्याच वर्षी जुलैत खासगी कंपनीकडून कारभार दिल्ली मेट्रोकडे आला आणि वेग टप्प्याटप्प्याने वाढत २०२३ मध्ये १२० वर पोहोचला. नवी दिल्लीहून टर्मिनल ३ पर्यंत आता वीस मिनिटेही लागत नाहीत; रस्त्याने जाताना दिल्लीच्या वाहतुकीत अशी खात्री कोणी देणार नाही. परतीचे देशांतर्गत विमान टर्मिनल १ चे असेल तर मात्र ही मार्गिका तिकडे जात नाही, त्यासाठी मजेंटा मार्गिका आहे.

खरी दमछाक होते ती रेल्वे स्थानकातच. मेट्रो अजमेरी गेटच्या, म्हणजे फलाट १६ च्या बाजूस आहे. फलाट १ कडून पहाडगंजला बाहेर पडल्यास बॅगांसह सगळे फलाट पुन्हा ओलांडावे लागतात. त्यामुळे हमाल ठरवतानाच त्याला ‘अजमेरी गेट, एअरपोर्ट मेट्रो’ असे स्पष्ट सांगावे.