मॉरिशसला लग्नाला निघालेल्या तुम्हा दोघांना

तुमच्या मैत्रिणीचं लग्न मॉरिशसला आहे, हे तुम्ही लिहिलेलं वाचून आनंद झाला. आम्ही दोघं तिथं भावाच्या लग्नाला गेलो होतो. शेवटचे दोन दिवस आम्ही फक्त आमच्यासाठी ठेवले, तुम्हीही ठेवा. आणि ते लग्नानंतरच ठेवा. आधी ठेवलेत तर हळद-मेंदीत ते कधी संपतील, कळणारही नाही.

एक सकाळ राजधानी पोर्ट लुईला आप्रवासी घाटावर जा. 1834 पासून आपल्याकडचे गिरमिटिया, म्हणजे करारावर आणलेले मजूर इथं उतरले. त्यांत मराठी माणसंही होती. त्या दगडी पायऱ्यांपाशी आम्ही दोघं बराच वेळ काही न बोलता उभे होतो. लग्नाच्या गडबडीनंतर ती शांतता फार आत गेली. तिथून जवळच्या बाजारात दालपुरी खा. आत वाटलेली डाळ, म्हणजे गुळाशिवायची पुरणपोळीच म्हणा ना! एका कागदात दोन देतात, दोघांना नेमक्या.

दुसरा दिवस ले मॉर्नला. हा डोंगर 556 मीटरचा आहे. चढायचं असेल तर पहाटे निघा, ऊन लवकर तापतं. वरचा टप्पा खडकाळ आहे. दोघांपैकी एकाला भीती वाटली तर तिथूनच परत फिरा, समुद्र खालूनही सुंदर दिसतो. शामारेलची सप्तरंगी माती त्याच वाटेवर आहे, अर्धा तास पुरे.

गणेश चतुर्थीच्या सुमारास असाल तर तिथला गणपती नक्की बघा. चतुर्थीची तिथं सार्वजनिक सुट्टी असते.