पोटदुखी, बोटांचे ठसे आणि दारावरचा बोर्ड

प्रश्न : ताई नमस्कार. मी तासगावजवळच्या गावातली, मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत आहे, सेमीला. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली तसं रोज सकाळी पोटात दुखतंय म्हणतो, रिक्षा दारात आली की रडायलाच लागतो, रविवारी मात्र काही नसतं. लहान मुलांच्या डॉक्टरांना दाखवलं, सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल. वर्गाच्या मॅडम म्हणाल्या चाइल्ड सायकॉलॉजिस्टला दाखवा. घरात सांगितलं तर मिस्टर म्हणाले पोरगं शहाणंसुरतं आहे, त्याला वेड्याच्या डॉक्टरकडं कशाला न्यायचं, सासूबाईंनी दृष्ट काढली. मग मीच मोबाइलवर शोधून एका ठिकाणी नेलं तर त्यांनी दहाही बोटांचे ठसे घेतले, साडेचार हजार घेतले आणि रंगीत फाइल दिली, त्यात लिहिलंय मुलगा मॅनेजमेंटमध्ये चमकेल. पोटदुखीचं कुणी विचारलंच नाही. आता खरा माणूस ओळखायचा कसा?

उत्तर : ताई, पत्र वाचून आधी वाईट वाटलं आणि मग त्या फाइलचा फार राग आला. बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी, स्वभाव, करिअर कळतं याला शास्त्राचा कसलाही आधार नाही. डीएमआयटी म्हणतात त्याला, काही शाळांत पालकसभेत सुद्धा हे विकलं जातं, आणि शाळेत सांगितलं म्हणजे खरंच असणार असं आईबापांना वाटतं. पैसे गेले ते गेले. ती फाइल पुढच्या डॉक्टरांना दाखवायला नेऊ नका आणि मुलाला तर अजिबात वाचून दाखवू नका.

रविवारी दुखत नाही हे तुम्ही बरोबर टिपलंय, तेच सगळ्यात कामाचं आहे. पण म्हणून तो नाटक करतोय असं घरात कुणी म्हणत असेल तर आधी ते थांबवा, भीतीनं पोट खरंच दुखतं, परीक्षेच्या दिवशी आपल्या पण पोटात गोळा येतोच की. वर्गात कोणी मारतंय का, रिक्षात मोठी पोरं काही करतायत का, फळ्यावरचं दिसत नाहीय का, सेमीचं गणित कळेनासं झालंय का, हे सगळं अजून शोधायचं राहिलंय. डोळे आणि कान तपासून घेतलेत का ते तुम्ही लिहिलं नाही, नसतील तर ते आधी करा.

आता बोर्डांचं. सांगलीत विश्रामबागला जा नाहीतर साताऱ्यात पोवई नाक्याला, बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं बघून काहीच कळत नाही, नावाखालची बारीक अक्षरातली डिग्री वाचायची. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे आधी एमबीबीएस आणि मग मानसोपचारात एमडी, डीएनबी नाहीतर डीपीएम केलेले डॉक्टर, गोळ्या लागल्या तर त्या हेच देणार. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाहीत, ते तपासण्या करतात आणि थेरपी देतात, मानसशास्त्रात एमए करून वर दोन वर्षांचं क्लिनिकल सायकॉलॉजीचं एम.फिल. केलेलं असतं, तेही प्रत्यक्ष पेशंट बघत, आणि त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेत असते. ही परिषद १९९२ च्या कायद्यानं झालेली आहे, तिला सगळे आरसीआय म्हणतात. नोंदणीचा नंबर मागायला लाजू नका, आरसीआयच्या वेबसाइटवर तो तपासता येतो, आणि खरं शिकलेला माणूस नंबर मागितला म्हणून रागावत नाही. तिसरे काउन्सेलर. या शब्दावर कुणाचीच मालकी नाही, एमए करून वीस वर्षं मुलांमध्ये मुरलेल्या बाई पण हाच बोर्ड लावतात आणि आठ दिवसांचा ऑनलाइन कोर्स केलेला पण. म्हणून तिथं सरळ विचारायचं, तुमचं शिक्षण काय, कुणाच्या हाताखाली शिकलात, या वयाची मुलं रोज बघता का.

मी स्वतः शाळेत समुपदेशक आहे, तर माझं मत स्पष्ट सांगते. तुमच्या मुलासाठी चांगला काउन्सेलर सुद्धा पुरेल कदाचित, पण पहिली भेट क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञांची घ्या. नंतर रोजच्या कामाला जवळचा माणूस बघता येतो.

खर्चाची काळजी तुम्ही लिहिली नाही पण साडेचार हजार गेल्यावर ती असणारच. सांगली सिव्हिल आणि मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं हॉस्पिटल तुम्हाला एसटीच्या अंतरावर आहे, तिथं मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते ते आधी विचारून घ्या. साताऱ्याकडच्या वाचकांसाठी क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय. शिवाय राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक सरकारी शाळांत आणि अंगणवाड्यांत तपासणीला येतं, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे ते, त्यांच्या डॉक्टरांना मुलाचं सांगितलं तर ते पुढं पाठवायची चिठ्ठी देतात. आणि आजच रात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, सरकारचा, फुकट, मराठीत बोलतात.

माणूस बरोबर आहे का हे मात्र डिग्रीवरून अर्धंच कळतं. २०१९ च्या महापुरानंतर गावभागातल्या एका सात वर्षांच्या मुलीबरोबर मी अशाच एका तज्ज्ञ बाईंकडे गेले होते. पावसाचा आवाज आला की ही पोर दप्तरातली पुस्तकं काढून टाकायची आणि आधारकार्ड, बाहुली आणि बिस्किटचा पुडा त्यात भरून कॉटवर चढून बसायची. त्या बाई खुर्चीवरून उठल्या, खाली सतरंजीवर बसल्या, तिला काही विचारलंच नाही. दप्तर बघून एवढंच म्हणाल्या, बाहुलीला जागा पुरते का गं? मग पाऊण तास दोघी घराचं चित्र काढत होत्या, पाणी कुठपर्यंत आलं ती रेघ पोरीनं स्वतः मारली, आणि आई मधे मधे बोलायला लागली तशी बाईंनी हातानंच तिला थांबवलं. ताई, तुम्ही हे बघायचं. तुमच्या मुलाशी बोलतात की त्याच्या डोक्यावरून तुमच्याशीच बोलतात. तो गप्प बसला तर त्या गप्प बसण्याला वेळ देतात की दहा मिनिटांत एडीएचडी (अतिचंचलता) नाहीतर अजून कसलं तरी नाव चिकटवतात. त्याच्यासमोरच हा फार हट्टी आहे का असं विचारलं तर मी तरी तिथून उठून येईन.

टेस्ट सांगितली तर कोणती, कशासाठी, किती पैसे, लेखी रिपोर्ट मिळणार का हे विचारा आणि मुख्य म्हणजे भाषा विचारा. घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला इंग्रजीतून प्रश्न विचारले तर मार्क कमी येतात आणि मग पोरगं मंद आहे असा शिक्का बसतो. बुद्धीची बिने-कामत चाचणी तर मुळात मराठी आणि कन्नड मुलांसाठीच बसवलेली आहे, म्हणजे आपल्या भाषेत टेस्ट मागणं यात काही जगावेगळं नाही. वीस सेशनचं पॅकेज आधीच भरा म्हणाले, शंभर टक्के गॅरंटी दिली, डॉक्टर नसताना गोळ्या दिल्या, तर तिथं परत जाऊ नका. तीनचार भेटींनंतर काय फरक दिसायला पाहिजे हे त्यांनी तुम्हाला सांगता यायला पाहिजे, आणि शाळेतल्या मॅडमशी बोलायची त्यांची तयारी पाहिजे, त्याचा त्रास शाळेशी बांधलेला आहे.

मुलगा आत जे सांगेल ते सगळं तुम्हाला कळणार नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, गाडीत बसल्या बसल्या काय विचारलं रे त्यांनी असं खोदू पण नका. त्याच्या जिवाला धोका असेल तर ते सांगतातच, आणि कुणी त्याच्याशी लैंगिक चाळे केल्याचं कळलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यानं, त्यांना पोलिसांना कळवावंच लागतं.

नेताना फिरायला जाऊ म्हणून फसवू नका. तुझं पोट का दुखतं ते शोधायला मदत करणारे आहेत, सुई नाही, औषध नाही, गप्पा आणि खेळ, एवढं सांगा. मिस्टरांना पटवत बसू नका, दुसऱ्या भेटीला सोबत चला म्हणा, बापाशी पण त्यांना बोलायचंच असतं आणि तिथं बसल्यावर वेड्याचा डॉक्टर हा शब्द बहुतेक आपोआप गळतो, मी कितीतरी वेळा बघितलंय.

प्रश्न : मुलगी आठवीत, तोंडी सगळं येतं पण लिहिताना अक्षरं गाळते. कराडच्या एका खाजगी सायकॉलॉजिस्टनी लर्निंग डिसॅबिलिटी सांगितली, रिपोर्ट दिला. हा दहावीला चालेल का?

उत्तर : दादा, तो रिपोर्ट मुलीला शिकवायला उपयोगी आहे, तिला काय जमतंय काय नाही ते त्यात लिहिलेलं असतं, शाळेला एक प्रत द्या. पण बोर्डाच्या सवलतीला प्रमाणपत्र लागतं ते शासनानं नेमलेल्या सरकारी हॉस्पिटलचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत हा अडथळा येतो, त्यामुळं जास्तीचा वेळ, लेखनिक अशा सवलती मागणं हा तिचा हक्क आहे, कुणाचे उपकार नाहीत. सगळं शाळेमार्फत जातं, तारखा आणि तपासण्यांना महिने लागतात, म्हणून दहावीचा फॉर्म भरायची वाट न बघता आत्ताच मुख्याध्यापकांना अर्ज द्या. जाताना तिच्या वह्या न्या, दुसरी-तिसरीतल्या जुन्या असतील तर त्या पण, रद्दीत टाकल्या नसतील तर बरं होईल.