कॉशीसुद्धा इथेच अडला होता

बेटा,

तुझा मेसेज वाचला. रिअल अॅनालिसिस (कॅल्क्युलसच्या मुळाशी असलेलं काटेकोर गणित) सोडून स्टॅट्स घेऊ का विचारतेयस, कारण युनिफॉर्म कन्व्हर्जन्स, म्हणजे सगळ्या एक्सना एकाच वेळी पुरेल असं लिमिटजवळ जाणं, डोक्यावरून जातंय आणि इंदूरच्या भंवरकुआंला, त्या क्लासेसच्या भागात, मिळालेल्या चार पानी नोट्समध्ये मात्र सगळं सोप्पं करून दिलंय म्हणे. त्या नोट्सवर पेपर निघेल, नाही म्हणत नाही. पण पुढच्या सेमिस्टरला तेच भूत परत मानगुटीवर बसेल.

आधी हे ऐक. फ्रेंच गणिती कॉशीने १८२१ च्या पुस्तकात छातीठोकपणे लिहिलं की कंटिन्युअस, म्हणजे कुठे न तुटणाऱ्या, फंक्शन्सची सिरीज कन्व्हर्ज होत असेल, म्हणजे बेरीज एका ठरावीक उत्तराकडे जात असेल, तर तिची बेरीजही कंटिन्युअसच असणार. १८२६ मध्ये नॉर्वेच्या आबेल या गणितीने साइनची एक सिरीज पुढे करून म्हटलं, याला अपवाद दिसतोय बुवा. आणि पाणी नेमकं कुठे मुरतंय, म्हणजे कन्व्हर्जन्स युनिफॉर्म नसतं तिथे, हे स्टोक्स आणि सायडेल या गणितींच्या हाती लागेपर्यंत १८४७-४८ उजाडलं! भल्याभल्यांची पाव शतक दमछाक झाली आणि तू आठवड्यात कंटाळलीस होय?

आता वही घे, व्हिडिओ नको. एक्सचा एनवा घात, एक्स ० ते १ मधे. एक्स ०.९ धर आणि घात ०.०१ च्या खाली जायला एन किती लागतो ते कॅल्क्युलेटरवर लॉग घेऊन काढ, ४४ येईल. ०.९९ ला ४५९. ०.९९९ ला थेट ४६०३. तू १ च्या जवळ सरकतेस तसा एन पुढे पळतो, सगळ्या एक्सना एकदम पुरेल असा एक एन काही केल्या मिळत नाही, आणि बरोब्बर १ वर मात्र उत्तर १ च राहतं, म्हणजे आधी सगळीकडे ० असलेलं लिमिट तिथे तुटलं. हे हाताने केलंस की मग पुस्तकातली डेफिनिशन उघड, त्यात एन आधी का येतो आणि एक्स नंतर का, हे कोणी सांगावं लागणार नाही.

अर्थात सगळीच झटापट कामाची असते असं नाही हं. एप्सिलॉन-डेल्टाच (लिमिटची मूळ काटेकोर व्याख्या) कच्चं असेल तर मागे जा, त्यात कमीपणा कसला. छपाईची चूक असेल तर त्यावर रात्र घालवू नकोस, सरळ कोणाला तरी विचार. पण थिअरम कळतंय तरी पटत नाहीये, अशी जी चिडचिड होते ना, ती सोडू नकोस, त्यातली एकेक अट काढून बघ काय मोडतं ते.

रविवारी पोह्यांना ये. येताना असं एक उदाहरण शोधून आण, की कन्व्हर्जन्स युनिफॉर्म नाही तरी लिमिट कंटिन्युअस आहे. नाही सापडलं तर खोडाखोड केलेले कागद आण, पण कोरी वही घेऊन येऊ नकोस.

तुझा,
काका