गोव्यात जुनी बॉक्स्टर पोसायला वर्षाला किती लागतात?

म्हापशात राहून मुंबईची २००८ ची पोर्शे बॉक्स्टर (कापडी छपराची, २.७ लिटर इंजिनची) घ्यायची, ४५,००० किमी झालेली, वर्षाला ५,००० किमी फिरवायची, तर खर्च किती, असं विचारलंत. आधी आकडा सांगतो. पेट्रोल आणि विमा सोडून वर्षाला दोन लाख बाजूला काढा आणि गाडी घेतानाच आणखी तीन लाख राखून ठेवा. हा अंदाज ही गाडी जाणणाऱ्या स्वतंत्र गॅरेजचा आहे. गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही, म्हणून राखीव रकमेशिवाय या फंदात पडू नका.

४५,००० किमी ऐकून खूश होण्यासारखं काही नाही. म्हणजे वर्षाला जेमतेम अडीच हजार, बाकी वेळ गाडी उभी. रबर, सील, ब्रेक ऑइल, होस हे सगळं किलोमीटरवर नाही, वर्षांवर खराब होतं, आणि आपल्याकडे त्यात खारी हवा आणि चार महिन्यांची दमट हवा भर घालते. गोव्यात या गाडीचा खर्च कॅलेंडर बघून ठरतो.

२००८ च्या इंजिनात मधला शाफ्ट आहे, कॅमच्या साखळ्या फिरवणारा. त्याच्या टोकाचं बेअरिंग गेलं तर इंजिनच जातं. २००६ ते २००८ च्या इंजिनांत हे बेअरिंग आधीच्यांपेक्षा मोठं आणि टिकाऊ आहे, पण इंजिन उघडल्याशिवाय बदलता येत नाही. क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरेल तेव्हा बेअरिंगचं बाहेरचं सील काढून टाकून त्याला इंजिन ऑइल मिळू द्यायचं, एवढंच हातात असतं. २००९ पासूनच्या इंजिनात हा शाफ्टच नाही. थोडे जास्त पैसे जात असले तरी शक्य असेल तर तीच घ्या, हे माझं स्पष्ट मत.

सौद्याआधी दोन तपासण्या हट्टाने करून घ्या. ऑइल फिल्टरची कागदी घडी उलगडून त्यावर चुंबक फिरवा. चमकणारे लोखंडी कण चिकटले तर मागे फिरा. तपकिरी प्लास्टिकचे तुकडे दिसले तर साखळीला आधार देणाऱ्या पट्ट्या झिजल्यात. दुसरं, सहाही प्लग काढून बोरस्कोप, म्हणजे बारीक नळीच्या टोकाचा कॅमेरा, आत घाला आणि सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे आहेत का पाहा. हा त्रास ३.४ लिटरच्या इंजिनात जास्त, २.७ मध्ये कमी, तरी पाहाच. सुरू करताना पांढऱ्या धुराचा लोट निघून तो बराच वेळ राहिला तर एअर-ऑइल सेपरेटर, म्हणजे इंजिनातल्या हवेतून ऑइल वेगळं करणारा भाग, गेलाय. तो बदलता येतो, पण भावात धरून कापून घ्या.

ऑइल सुमारे आठ लिटर लागतं, ०डब्ल्यू-४०, पोर्शे ए४० मंजुरीचं. वर्षातून एकदा, किलोमीटर कितीही होवोत. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, कारण ते हवेतली ओल शोषतं. वॉटर पंपाच्या आतल्या पंख्याची पाती तुटून कूलंटच्या वाटांत अडकतात, म्हणून शेवटचा पंप कधी बसवला याची नोंद नसेल तर तो आधीच बदला. कूलंट वीस लिटरच्या वर जातं, स्वस्तातलं भरू नका. सहा प्लग चार वर्षांनी. इग्निशन कॉइल मागच्या चाकांजवळ, एक्झॉस्टच्या वर असतात. उष्णतेने त्यांना तडे जातात आणि पहिल्या जोरदार सरीत इंजिन अडखळायला लागतं.

आता खास इकडचं. पुढच्या बंपरच्या दोन्ही बाजूंच्या तोंडांमागे एसीचे कंडेन्सर आणि त्यांच्यामागे रेडिएटर आहेत. या तोंडांत सुरूच्या सुया, आंब्याची पानं, लाल माती शिरते आणि दोन जाळ्यांच्या मध्ये दाबून बसते. ओली राहिली की अ‍ॅल्युमिनियम कुजतं आणि एसीचा गॅस जायला लागतो. चतुर्थी झाली की बंपर उतरवून ती जागा मऊ ब्रशने झाडायची, मग कमी दाबाच्या पाण्याने धुवायची. प्रेशर वॉशरने पत्र्या वाकतात. हे काम मजुरीचं आहे, न केलं तर नवे कंडेन्सर घ्यावे लागतात.

कापडी छपराची पाणी जायची भोकं दरवाजांच्या मागे, दोन्ही बाजूंना असतात. मे अखेर ती पातळ लवचीक नळी घालून मोकळी करा. बुजली तर पाणी कार्पेटखाली साचतं आणि तिथेच सीटखाली इलेक्ट्रॉनिक्स आहेत. पावसाळ्यात गाडी उभी असेल तर आत ओल शोषणाऱ्या पिशव्या ठेवा आणि बॅटरीला मेंटेनर (चार्ज टिकवून धरणारा चार्जर) लावा. बॅटरी पूर्ण उतरली तर पुढची डिकीच उघडत नाही. मग फ्यूज बॉक्समधली लाल पट्टी बाहेर ओढून तिला जंपरची धन वायर आणि दरवाजाच्या स्ट्रायकरला ऋण लावून कुलूप सोडावं लागतं.

टायर मोठे असतील तर पुढे २३५/४० आर१८, मागे २६५/४० आर१८, म्हणजे पुढचे-मागचे अदलाबदल करता येत नाहीत. मागचे लवकर झिजतात. टायरच्या बाजूवरच्या तारखेच्या कोडमधल्या शेवटच्या चार अंकांतले पहिले दोन म्हणजे तो बनल्याचा आठवडा, नंतरचे दोन वर्ष. सहा वर्षांवरचा टायर नक्षी शिल्लक असली तरी ओल्या रस्त्यावर नको. गतिरोधकांनी पुढच्या सस्पेन्शनच्या खालच्या आर्मचे रबरी बुश जातात, वळताना कुरकुर आली की ओळखा. आर्म बदलले की अलाइनमेंट पुन्हा.

पेट्रोल ७ किमीला एक लिटर धरा. ५,००० किमीला सुमारे ७१५ लिटर, शंभराच्या भावाने ७१,५०० रुपये. ९५ ऑक्टेनपेक्षा कमी घालू नका. ही गाडी १० टक्के इथेनॉलपर्यंतची आणि पंपावर आता २० टक्के, म्हणून पेट्रोल टाकीत महिनोन्‌महिने ठेवू नका.

विम्यात थर्ड पार्टी हप्ता २०२२ च्या दराने १५०० सीसीच्या वरच्या गाडीला ७,८९७ रुपये, वर जीएसटी. पण १० वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या भागांना दाव्यात निम्मीच रक्कम मिळते, प्लास्टिक-रबरालाही तेवढीच. घसारा न कापणारी जोडपॉलिसी (झिरो डेप) या वयाला सहसा कुणी देत नाही, म्हणून बंपरचा ओरखडासुद्धा बराचसा खिशातून.

कागद शेवटी सांगतो, पण सौद्याच्या आधी बघा. पहिली १५ वर्षांची नोंदणी २०२३ मध्ये संपली. नूतनीकरण झालं असेल तर पुढचं २०२८ मध्ये, तेव्हा गाडी वीस वर्षांची होईल, आणि ऑगस्ट २०२५ च्या दरानुसार वीस वर्षांवरच्या आयात चारचाकीचं शुल्क ८०,००० रुपये आहे. मुंबईहून एनओसी, मग गोव्यात रोड टॅक्स, हेही वेगळं. २०२३ चं नूतनीकरण मालकाने केलंच नसेल तर ते त्याच्याकडून करून घेतल्याशिवाय बयाणा देऊ नका.