‘सेप्टिक’ आणि ‘सेप्सिस’: पिकणं वेगळं, सडणं वेगळं

राजारामपुरीतल्या एका वाचकांचा प्रश्न: नातेवाईक आयसीयूत आहेत, फाईलवर ‘सिव्हिअर सेप्सिस’ लिहिलंय. आपण ‘सेप्टिक झालं’ म्हणतो तेच का हे? आणि याला मराठी शब्द कोणता?

तेच नाही. आपल्याकडे पायात काटा मोडून ठणका लागला की ‘सेप्टिक झालंय’, आणि गंजका खिळा घुसला की ‘सेप्टिकचं इंजेक्शन घेऊन ये जा’. अहो, ते इंजेक्शन धनुर्वाताचं! त्यानं ना जखमेतला पू थांबतो, ना सेप्सिस टळतो. कोल्हापुरात शिकलेल्या घरांतही हे सर्रास ऐकतो आणि संताप येतो, कारण टीटी टोचून घेतली की माणूस निर्धास्त होतो आणि चिघळत्या जखमेकडे बघत नाही.

आता शब्द. ‘सेप्सिस’ ग्रीक, अर्थ सडणं, कुजणं. ‘इलियड’मध्ये नऊ वर्षांत गलबतांची लाकडं सडली असं म्हटलंय, तिथं याच धातूचं क्रियापद आहे. ग्रीक वैद्य त्याच्यासमोर दुसरा शब्द ठेवत: ‘पेप्सिस’, म्हणजे शिजणं, पिकणं, पचणं. आणि हा पेप्सिस आपल्या भाऊबंदांतला! संस्कृत ‘पच्’ त्याच मुळाचा. पच् वरून पक्व, प्राकृतात पिक्क, मराठीत पिकणं. म्हणून आपल्याकडे आंबाही पिकतो आणि गळूही पिकतं. सुश्रुतसंहितेत ‘आमपक्वैषणीय’ नावाचा अख्खा अध्याय आहे, सूज कच्ची की पिकलेली हे कसं ओळखावं याचा. कच्चीच चिरणारा आणि पिकलेली तशीच सोडणारा, दोन्ही वैद्यांना सुश्रुत फटकारतो. माझं ठाम मत आहे की आपल्या आज्या ‘गळू पिकलं’ आणि ‘पाय सडला’ यांत जो फरक करतात, तोच पेप्सिस आणि सेप्सिस यांतला फरक.

‘पू’ हा इंग्रजी ‘पस’चा अपभ्रंश, असं सांगणारे विद्वान भेटतात. साफ चूक. पू आला संस्कृत ‘पूय’वरून, लॅटिन ‘पस’ त्याचा चुलतभाऊ, बाप नव्हे.

याच घराण्यातला ‘पूति’ घेऊन काही जण सेप्सिसला ‘पूतिता’ म्हणा असा आग्रह धरतात. मला तो मान्य नाही. पूति म्हणजे दुर्गंधी, सडकं. आणि सेप्सिसच्या रोग्याच्या अंगावर एकही जखम नसू शकते. न्यूमोनिया किंवा लघवीच्या संसर्गातूनही तो होतो. संसर्गाशी लढताना शरीराचा प्रतिसादच बिघडतो आणि मूत्रपिंड, फुप्फुसं, मेंदू असे अवयव निकामी होऊ लागतात, तो सेप्सिस. शब्द सेप्सिसच ठेवा.

राहिलं ‘सिव्हिअर’. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनं ते विशेषण काढून टाकलं, कारण अवयव बिघडल्याशिवाय आता सेप्सिस म्हणतच नाहीत. जुन्या व्याख्येनुसार इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधल्या ९१ अतिदक्षता विभागांची पाहणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. दाखल झालेल्यांपैकी सुमारे २७ टक्क्यांना पहिल्या २४ तासांतच सिव्हिअर सेप्सिस होता, आणि त्यांतले सुमारे ४७ टक्के रुग्णालयातच दगावले. आकडा त्या काळचा, त्या देशांतला. तुमच्या माणसाचं भाकीत नव्हे. फाईलवर जुना शब्द दिसला म्हणून घाबरू नका. डॉक्टरांना एवढंच विचारा: संसर्ग कुठून सुरू झाला, कोणत्या अवयवांवर परिणाम झालाय, आणि रक्तदाब औषधांवर टिकवावा लागतोय का?