वडिलांचा जर्मन चाकू किती जुना असेल, आणि असे चाकू जमवायला सुरुवात कशी करावी?

वडिलांच्या ट्रंकेत सापडलेल्या छोट्या घडीच्या चाकूबद्दल तुम्ही विचारलंय. मुठीवर कोलोनचं कॅथेड्रल उठवलेलं आहे, पात्यावर 'सोलिंगन' आहे, आणि असे आणखी जमवावेत असं तुमच्या मनात आहे. मी जर्मनीत डुसेलडॉर्फला राहतो, सुऱ्या-चाकूंसाठी प्रसिद्ध असलेलं सोलिंगन इथून लोकलनं अर्ध्या तासाच्या आत. सुट्टीच्या दिवशी भरणाऱ्या जुन्या बाजारांतून मी बरीच वर्षं हेच चाकू शोधत हिंडतोय. प्रश्न वाचून फार आनंद झाला.

मुठीवरचं चित्र नंतर बघा. आधी पातं उघडा आणि ते मुठीत शिरतं तिथला पेराएवढा सपाट भाग भिंगातून वाचा. कारखान्याचा ठसा तिथे असतो. 'वेस्ट जर्मनी' किंवा 'डब्ल्यू. जर्मनी' असेल, तर चाकू १९४९ ते १९९० मधला. नुसतं 'जर्मनी' असेल तर घाई करू नका, कारण तसं त्याआधीही लिहीत आणि नंतरही. 'रोस्टफ्राय' म्हणजे न गंजणारं. हा शब्द दिसला, की कैसरच्या, म्हणजे १९१८ पर्यंतच्या जर्मन सम्राटांच्या, काळातला चाकू म्हणून कोणी जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका. स्टेनलेस पोलादाचा शोधच मुळी पहिल्या महायुद्धाच्या तोंडावरचा. 'डी.आर.जी.एम.' ही रचना सरकारदरबारी नोंदवल्याची अक्षरं १८९१ नंतरची, दुसऱ्या महायुद्धापर्यंतची. 'डी.बी.जी.एम.' असेल तर युद्धानंतरचा.

पात्यावर देशाचं नाव का आलं, ही गोष्ट मला फार आवडते. एकोणिसाव्या शतकात सुऱ्या-कात्र्यांसाठी इंग्लंडच्या शेफील्डचा दबदबा होता, आणि काही जर्मन कारखानदार स्वतःच्या स्वस्त मालावर खुशाल शेफील्डचं नाव टाकत. ब्रिटननं वैतागून १८८७ मध्ये कायदा केला, की परदेशी मालावर फसवं नाव चालणार नाही. त्याच धर्तीचा कायदा १८८९ मध्ये हिंदुस्थानातही आला. अमेरिकेनं १८९० च्या जकात कायद्यानं देशाचं नाव सक्तीचं केलं. हलक्या मालाची ओळख पटावी म्हणून लावलेला तो शिक्का पुढे चांगल्या मालाची खूण ठरला. 'सोलिंगन' या नावाला तर १९३८ पासून जर्मन कायद्याचंच संरक्षण आहे. मालाचं मुख्य काम त्या भागात झालेलं असेल तरच ते नाव टाकता येतं.

आता चित्र. चाकू कधीच्या आधीचा असू शकत नाही, एवढं ते सांगतं. कोलोनच्या कॅथेड्रलचे दोन्ही मनोरे १८८० मध्ये पुरे झाले. सोलिंगन आणि रेमशाइड यांच्यामधला, वुपर नदीवरचा म्युंगस्टनचा रेल्वेपूल १८९७ चा. १०७ मीटर उंचीचा हा लोखंडी पूल माझ्या सर्वांत लाडक्या चाकूवर आहे, आणि खाली त्याचं जुनं नाव आहे, 'कैसर विल्हेल्म ब्रुके'. राजेशाही गेली तसं ते नावही गेलं, म्हणून तो चाकू १८९७ ते १९१८ च्या आसपासचा धरता येतो. चित्र कुठलंही असो, चाकू बहुधा सोलिंगनचाच. हायडेलबर्गचा किल्ला असो की ऱ्हाइनकाठचं रुडेसहाइम, पर्यटकांनी आठवण म्हणून न्यायची ही वस्तू इथेच घडायची.

मुठी बहुतेक पितळेच्या, अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा सेल्युलॉइडच्या. सेल्युलॉइड म्हणजे जुन्या काळचं प्लास्टिक. ते ओळखायला सोपं: बोटानं जोरात घासून वास घ्या, कापराचा येईल. ते बनवताना कापूरच घालत. तापलेली सुई टोचून परीक्षा करा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, ते भसकन पेट घेतं. जुनं सेल्युलॉइड कुजायला लागलं की आम्लाची वाफ सोडतं. मला हे ठाऊक नव्हतं. एका हिवाळ्यात मी अकरा चाकू हवाबंद डब्यात ठेवले, त्यात शिंपल्यासारख्या चकाकत्या मुठीचा एक होता. वसंतात डबा उघडला तर त्या मुठीचा भुगा झालेला आणि शेजारची पाती गंजानं खाल्लेली. पुलाच्या चाकूवरचे खड्डे आजही बोटाला लागतात, आणि प्रत्येक वेळी जीव हळहळतो. सेल्युलॉइड वेगळं आणि मोकळ्या हवेत ठेवा. चामड्याच्या म्यानात कुठलाच चाकू कायमचा ठेवू नका.

विकत घेताना, पातं उघडायला नख अडकवतात त्या खाचेकडे बघा. धार खाचेच्या जवळ आलेली असेल, तर पातं घासून घासून संपत आलंय. पातं मिटताना 'टक्' आवाज यायला हवा. मऊ पडलेली स्प्रिंग परत ताठ होत नाही. घरी आणल्यावर पॉलिश मुळीच नको. साध्या पोलादावर चढलेली राखाडी-निळी झाक ही त्याची कमाई असते, ती घालवली की किंमतही जाते. तांबडा गंज तेवढा तेलानं मऊ करून तांब्याच्या नाण्याच्या कडेनं हळूच खरवडा.

सुरुवातीला एकच धागा धरा, एखादी नदी किंवा फक्त पूल. मी ऱ्हाइन आणि वुपर या दोनच नद्या घेतो. नाहीतर खण भरतो, पण संग्रह होत नाही.

सोलिंगन हे गाव आपल्याकडे अनोळखी नाही. मराठी सैन्यातल्या 'फिरंग' तलवारींची पाती युरोपातून यायची, आणि त्यांत सोलिंगनची पातीही होती. संग्रहालयात फिरंग दिसली तर मुठीजवळचं पातं जरूर न्याहाळा.

तुमच्या चाकूवरच्या ठशाचा फोटो खिडकीच्या उजेडात, जवळून काढून इथे टाका. मुठीवरच्या चित्राचा फोटो नसला तरी चालेल.